आपोआप जळलेल्या मोटरी

माझ्या दुकानात येणारी प्रत्येक मोटर आपोआप जळलेली असते. विहिरीवरची असो नाहीतर कॅनॉलवरची, मालक ती टेम्पोतून उतरवतो, टोपीनं घाम पुसतो आणि म्हणतो, "काय बी केलं न्हाय बघा. चांगली पाणी ओढत हुती, आपोआप जळली." गेली एकोणीस वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. जळलेल्या मोटरीतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि तिच्या जागी नवी तार भरायची, हा माझा धंदा. आमच्याकडं त्याला मोटर भरणं म्हणतात. बारामती तालुक्यात, पणदऱ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून पत्र्याचं दुकान आहे. पुढं मी मोटरी खोलतो आणि मागं बायको तारेचे वेटोळे बांधते.

स्वभावानं मी तापट. गिऱ्हाईक खोटं बोलायला लागलं की माझं डोकं फिरतं, कारण मोटर उघडली की मला सगळं दिसतं. फ्यूजच्या जागी बोटाएवढी जाड तार कुणी अडकवली, बेअरिंग ओरडत असताना कानात बोळे घालून कुणी चालवली, ते तार सांगते. शेतावर तीन फेजची लाइट येते. त्यातला एक गेला तर मोटर बंद ठेवायची, हा साधा नियम. पण आमचा शेतकरी कंडेन्सर जोडतो आणि उरलेल्या दोन फेजवर मोटर ओढतो. अशी मोटर उघडली की दोन भाग कोळसा झालेले असतात आणि तिसरा नव्या नवरीसारखा झळकत असतो. शिवाय सगळ्यांनी मोटर आपसूक चालू करणारा ऑटो लावून ठेवलेला. लाइट आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात, लग्नात पहिल्या पंगतीला माणसं उठावीत तशा. मग विजेचा दाब पडतो आणि दोनचार जळतात. यातलं आपोआप काय आहे, असं मी विचारायचो, आणि ते विचारताना माझा आवाज पार रस्त्यापलीकडं जायचा.

एके दिवशी सकाळपासून तिसऱ्यांदा तेच भाषण देऊन मी पाणी प्यायला मागं गेलो. बायको मान वर न करता म्हणाली, "अवो, तेच तेच दिवसातनं धा वेळा सांगताय. एकदा मोबाइलवर सांगा. मी ज्याला त्याला पाठवते. तुमचा घसा बी वाचंल आन् गिऱ्हाइकं बी."

ती थट्टा करत होती, पण मला ते पटलं. त्याच दुपारी एक मोटर पुढं घेऊन बसलो. बायकोनं मोबाइल धरला. मी घसा खाकरून सुरुवात केली, "नमस्कार शेतकरी बंधू आणि भगिनींनो, आजच्या या भागात आपण..." तिनं मोबाइल खाली घेतला. "हे कोन बोलतंय? अंगात आलंय का तुमच्या?" मी म्हणालो, लोकांपुढं नीट नको का बोलायला? ती म्हणाली, "रोजच्यासारखं बोला. फकस्त शिव्या गाळा." रोजच्यासारखं बोलायला मला एक दिवस लागला. शिव्या गाळायला पुरते दोन महिने गेले. सुरुवातीचे कितीतरी व्हिडिओ तिनं माझं वाक्य मध्येच तोडून लावले आहेत. अजून ते बघितले की कुठं काय कापलंय ते मला बरोबर आठवतं.

आधी आमच्या भावकीनं बघितलं, मग भावकीच्या सोयऱ्यांनी. लोक खाली प्रश्न लिहायला लागले. मी ते वाचून सोडून द्यायचो. बायको म्हणाली, उत्तर द्या. मी म्हणालो, एवढा रिकामा आहे का मी? तर म्हणाली, "दुकानात मानूस आलं तर 'बसा' म्हनता का न्हाय? मग ही बी आलेलीच की." तेव्हापासून जेवण झालं की अर्धा तास मी उत्तरं देतो. लिहिताना बोटं चुकतात, म्हणून बोलूनच पाठवतो. समोरूनही तसंच येतं. लोक मोबाइल मोटरीजवळ धरतात आणि नुसता आवाज पाठवतात, "ही अशी का वरडतीय?" आवाजावरून बेअरिंग ओळखता येतं. घरबसल्या दुरुस्ती सांगितली की माणूस तोंडभरून आशीर्वाद देतो आणि पुढच्या खेपेला चार गावं ओलांडून आपल्याकडंच येतो.

इंदापूरकडचा एक जण असाच आला. लोणी देवकरला कंपनीत कामाला, सुट्टीच्या दिवशी पेरूची बाग बघतो. पिकअपमध्ये मोटर घालून एवढ्या लांब आला. उतरल्या उतरल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रोज बघतो तुमाला, वळख हायच आपली." मग इकडंतिकडं बघून विचारलं, "वहिनी कुठं हायत?" व्हिडिओत बायको कधी दिसत नाही, फक्त तिचा हात आणि अधूनमधून तिचं हसू येतं. तेवढ्यावरून त्यानं तिच्यासाठी पेरूची पिशवी आणली होती. माझ्यासाठी मोटर, तिच्यासाठी पेरू. मला गंमत वाटली आणि थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला सांगू?

माणूस वाढायला लागला की त्याला शिंगं फुटतात. एका व्हिडिओत बोलता बोलता मी म्हणून गेलो, "माझं एक सपान हाय. आपल्या बारामती-इंदापूर भागात एक वरीस असं यावं, की चुकीनं एक बी मोटर जळली न्हाय." व्हिडिओ थांबवून बायको म्हणाली, "आन् आपण काय खायाचं? हवा?" शेजारचा पंक्चरवाला तर आठ दिवस हसत होता. त्याचं म्हणणं, डॉक्टरनं कुणी आजारी पडू नये म्हणून नवस बोलावा तसं हे झालं. पण स्वप्न खरंच होतं. जळलेली तार ओढून काढताना माझ्या हाताला जे लागतं ते मला कधीच आवडलं नाही. त्या तारेत कुणाची तरी उसाची उभी लागण वाळलेली असते.

आता तात्यांचं सांगतो, कारण हे सगळं त्यांच्यासाठी लिहितो आहे.

तात्या कन्हेरीचे. माझ्या नात्यातले नाहीत. माझे वडील मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणाकडं उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. मला चुलत्याकडं ठेवून त्यांनी शाळेत घातलं. पुढं आयटीआय करून बारामतीत एका उस्तादाच्या हाताखाली मी मोटरी भरायला शिकलो आणि तेविसाव्या वर्षी हे दुकान टाकलं. दोन महिने एक मोटर आली नाही. लोक तोंडावर म्हणायचे, मेंढरं हाकणाऱ्याचं पोरगं मोटर काय भरणार? तिसऱ्या महिन्यात तात्या बैलगाडीत मोटर घालून आले. मी म्हणालो, तात्या, अजून माझ्याकडं कुणाचीच आलेली नाही. ते म्हणाले, "कुनीतरी पयली आनायला पायजेच की लेका. म्हून माझी आनली." ती मोटर मी तीन दिवस भरली. एवढी सावकाश मी पुन्हा कधी भरलेली नाही. ती चालली, आणि तात्यांनी चहाच्या टपरीपासून दूध डेअरीपर्यंत सगळ्यांना सांगितलं. माझा धंदा त्या एका मोटरीवर उभा राहिला.

पुढं बाजारच्या दिवशी ते मोटर नसली तरी यायचे. तारेच्या रिकाम्या रिळावर बसायचे, चहा घ्यायचे आणि घरातलं सुखदुःख सांगायचे. माझे वडील गेल्यावर बोलायला मला तेच होते.

त्यांची विहीर पाच भावांची सामाईक. प्रत्येकाला तीन दिवस पाण्याची पाळी, म्हणजे एकाची पाळी गेली की ती फिरून यायला बारा दिवस लागायचे. पाचही जणांनी बसून ठरवलं होतं, की फेज गेला तर मोटर चालवायची नाही, मग कुणाचीही पाळी असो. आणि एका उन्हाळ्यात ती मोटर जळून माझ्याकडं आली. टेम्पोत दोन भाऊ बरोबर होते. त्यांच्यासमोर तात्या म्हणाले, "आपोआप जळली." मी उघडली. दोन भाग कोळसा, तिसरा चकचकीत. मी काही बोललो नाही. दोन दिवसांनी तात्या एकटे आले, रिळावर बसले आणि हळूच म्हणाले, "तुझ्यापाशी म्हून बोलतो. एक फेज गेला हुता. वायरमन दोन दिसांनी येनार. माझी पाळी तेवढीच, नवी लागण वाळाय लागल्याली. धाकट्याला म्हनलं असतं पाळी बदल, तर बदलली बी असती. पण पोरीच्या लग्नापासनं आमच्यात बोलणं न्हाय. तोंड उचलंना माझं. म्हून ओढली दोन फेजवर."

मी मान हलवली. चहा पाजला. आणि चार दिवसांनी त्याच मोटरीवर व्हिडिओ केला.

गाव सांगितलं नाही, नाव सांगितलं नाही. "एका शेतकऱ्याची मोटर हाय," म्हणून सुरुवात केली. पण गोष्ट सगळी सांगितली. काळे वेटोळे हातात धरून म्हणालो, "ही मोटर लाइटीनं जळली न्हाय मंडळी, रुसव्यानं जळली. भावाला पाळी मागायला तोंड उचललं न्हाय. आरं, त्याला एक कप चा पाजला असता तर मोटर वाचली असती." बायको मोबाइलमागं खुदकन हसली. मला वाटलं, झाला आजवरचा सगळ्यात झकास व्हिडिओ. आणि तो झालाच. दोन दिवसांत तो कुठच्या कुठं गेला. जेऊरपासून, नीरेपासून लोक बोलून पाठवत होते, "आमच्याकडं बी रुसव्यानं लई जळल्यात."

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. मोटर आली की पहिल्यांदा तिच्या अंगावर पांढऱ्या ऑइलपेंटनं मालकाचं नाव आणि गाव लिहायचं. उघडलेल्या मोटरी सगळ्या सारख्याच दिसतात. एकाची दुसऱ्याला गेली तर बांधावरच्या भांडणापेक्षा मोठं भांडण होतं. हात सवयीनं लिहितो, डोळ्याला ते नाव नंतर दिसतच नाही. त्या व्हिडिओत मी वेटोळे हातात धरून बोलत होतो आणि माझ्या गुडघ्याशेजारी मोटरीचं रिकामं कवच पडलं होतं. त्यावर कन्हेरी आणि त्याखाली तात्यांचं पूर्ण नाव, माझ्याच ठसठशीत अक्षरात.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको मोबाइल घेऊन पुढं आली. "अवो, हे वाचा." कुणीतरी लिहिलं होतं, मागं नाव वाचा. खाली हसऱ्या तोंडांची रांग. त्याखाली कन्हेरीचेच चार जण. मी व्हिडिओ लगेच काढून टाकला, पण तो गावच्या ग्रुपवर कधीच पोचला होता. पाचही भावांनी बघितला होता. एवढ्या वर्षांत माझी एक मोटर चुकीच्या घरी गेली नव्हती, आणि जिच्यावर मी उभा राहिलो तिच्या मालकाला मी अख्ख्या गावापुढं उघडं पाडलं होतं.

तसाच गाडीला किक मारून कन्हेरीला गेलो. तात्या गोठ्यापुढं कडबाकुट्टीवर वैरण घालत होते. मशीन बंद करून म्हणाले, "ये." चहा आला. मी म्हणालो, "तात्या, चूक झाली. मागं नाव दिसंल हे ध्यानातच आलं न्हाय. व्हिडिओ काढून टाकलाय मी." ते म्हणाले, "बरं केलंस." मी थांबलो. त्यांनी माझ्या पोराच्या शाळेचं विचारलं, उसाच्या तोडीचं विचारलं. मग म्हणाले, "मोटर न्यायला उद्या पोरगं यील." रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या तर मी हलका होऊन आलो असतो. मी जड होऊनच परत आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा मोटर घेऊन गेला. तात्या पुढच्या बाजाराला आले नाहीत. त्याच्या पुढच्या बाजारालाही आले नाहीत.

मी व्हिडिओ बंद केले. महिनाभर मोबाइलला हात लावला नाही. लोक विचारायचे, बायको काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. शेवटी तीच वैतागली. "मोबाइलनं काय केलं? तुमच्या डोळ्यानं केलं. आता डोळं उघडं ठेवून करा की." मग आम्ही दोन नियम केले. व्हिडिओच्या आधी मोटरीवर गोणपाट टाकायचं, म्हणजे नाव झाकलं जाईल. आणि मालकाला विचारल्याशिवाय मोटर दाखवायची नाही.

मला वाटलं, आता कोण हो म्हणतंय! तर झालं भलतंच. लोक आधीच विचारायला लागले, "मोबाइलवर कवा यनार आमची?" एक गडी तर इंदापूरहून मोटर घेऊन आला ती घरूनच नाव रंगवून, वीतभर अक्षरात. मी गोणपाट टाकायला लागलो तर म्हणाला, "झाकताय कशाला? सासरवाडीला कळू द्या की." आम्ही दोघं पोट धरून हसलो. धंदा वाढला. मागं एक खोली वाढवली. दोन बायका बायकोच्या हाताखाली तार बांधायला शिकल्या. इंदापूर तालुक्यातल्या एका गावात तर लोकांनी बोलावून घेतलं. देवळाच्या मंडपात शंभरभर माणूस, आणि मी मोटर समोर ठेवून बोलतोय. त्या गावातल्या लोकांनी आता ठरवून घेतलंय, ऑटो काढायचा आणि लाइट आली की पाच पाच मिनिटांनी एकेकानं मोटर चालू करायची. कोण आधी, कोण नंतर, ते रोज सकाळी ग्रुपवर टाकतात. त्यावरून भांडतातही, पण मोटरी वाचतात.

हे सगळं चांगलं चाललं होतं आणि मी सुखात होतो. तरी कन्हेरीचं गिऱ्हाईक आलं की मी काहीतरी निमित्त काढून विचारायचो, तात्या बरे आहेत ना? "बरे हायत की." बस्, तेवढंच. मोटर जळली असेल तर दुसरीकडं देत असतील, असं मी धरून चाललो होतो. बारामतीतल्या कोणत्या दुकानात देत असतील, याचा विचार करत बसायचो. हसू येईल, पण त्या न बघितलेल्या दुकानदाराचा मला राग यायचा.

असं दीड वर्ष गेलं. मागच्या हिवाळ्यात कन्हेरीत एकाच्या विहिरीवर मोटर बसवायला गेलो. काम उरकून पायवाटेनं येताना तात्यांची विहीर लागते. मला वाटलं होतं लांबूनच जावं, पण पाय तिकडंच वळले. मोटर चालू होती. आवाज स्वच्छ. तो माझ्याच हाताचा आवाज होता, मी लगेच ओळखला. स्टार्टरच्या पेटीशी गेलो. ऑटो काढून टाकलेला. कंडेन्सरची जोडणी उपटलेली. फ्यूज जागेवर, बारीक तारेचा, नियमातला. पेटीला कुलूप नव्हतं. माझ्या व्हिडिओत सांगितलेलं एकूण एक त्या पेटीत केलेलं होतं.

"बघून झालं व्हय?" मागून आवाज आला. तात्या खोरं घेऊन उसात उभे होते. त्यांची पाळी होती.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तात्या, दीड वरीस झालं, दुकानात न्हाय आला."

"मोटर जळंल तवा येनार नव्हं? जळंना ती." ते बांधावर बसले. मीही बसलो. "तुझा तो व्हिडिओ गावात फिरला तवा आठ दिस भांडणं झाली आमची. मग पाच जनांनी मिळून ही पेटी उघडली. तू सांगतोस तसं एकेक केलं. तवापासनं हात लावावा लागला न्हाय. धाकटा आला हुता घरी. म्हनला, पाळीसाठी तोंड उचलंना व्हय तुझं माझ्यापाशी? रडला. आता बदलून घेतो पाळी, लागंल तवा."

मला एवढा आनंद झाला की सांगता येत नाही. एका विहिरीपुरतं का होईना, माझं स्वप्न खरं झालं होतं. मी म्हणालो, "मग बरंच झालं की तात्या."

"झालं बरं," ते म्हणाले. "पण ते तुझ्या हातनं असं व्हायला नको हुतं."

मी बांधावरचं ढेकूळ उचलून हातात चुरलं.

"राग आला हुता. लई आला हुता. चार महिनं वाटायचं तुझं तोंड बघू नये. आन् पोरगं मोबाइल लावायचं तवा रोज बघायचो." ते जरा हसले. मग हसू आवरून म्हणाले, "तू आलास त्या दिवशी. म्हनलास, नाव दिसलं, चुकलं. आरं, नावाचं काय? नाव मला आयबापानं दिलंय, ते समद्या गावाला म्हाईत हाय. मी तुझ्यापाशी येऊन बसलो आन् बोललो. भावाची गोष्ट. ती तू हसण्यावारी नेऊन लोकांत वाटलीस. नाव झाकलं असतंस तरी ती माझीच गोष्ट हुती. त्याचं तू काय बोललाच न्हाय."

दीड वर्ष मी मोटरींवर गोणपाट टाकत होतो. मालकाची परवानगी घेत होतो, ती मोटर दाखवायची. कोणी माझ्यापाशी मन मोकळं केलं तर ते बोलू का, हे मी कधीच कुणाला विचारलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त याचं वाईट वाटलं, की हा माणूस त्या दिवशी चहा पाजून माझ्या तोंडाकडं बघत बसला होता आणि मला ते कळलं नव्हतं.

मी त्यांचे पाय धरले नाहीत, तसलं त्यांना चालत नाही. नुसतं म्हणालो, "तात्या, तुमी इस्वासानं सांगितलं आन् मी ते लोकांना हसवायला वापरलं. चुकलो मी."

त्यांनी बांधावरचं खोरं उचललं. मग म्हणाले, "हां. आता झालं." उठले आणि दुसरी सरी मोडायला गेले. जाता जाता म्हणाले, "खोरं हाय तिथं दुसरं. नुसता बसून काय करतोस?" मी पँट वर खोचली आणि त्यांच्याबरोबर दिवस मावळेपर्यंत सरीसरीत पाणी वळवत दारं धरली. इतक्या वर्षांनी पाण्यात पाय घातले होते, थंडीनं बधिर झाले, पण बरं वाटलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हसले तर मी बी हुते." दुसऱ्या दिवशी बसून तिनं आमचे जुने व्हिडिओ एकेक करून पुन्हा बघितले. ज्यात मी कुणाच्या घरातलं काही बोललो होतो ते काढून टाकले. त्यातले बरेच चांगले चाललेले होते. एक काढताना मी म्हणालो, अगं, हा राहू दे. तिनं माझ्याकडं बघितलं आणि काढला.

आता व्हिडिओत मी फक्त मोटरीचं बोलतो. लोक अधूनमधून लिहितात, पूर्वीसारखी मजा येत नाही. येत नसेल. तरी मोटरी घेऊन येतात आणि आलेल्यांतले थोडे हळूहळू खरं सांगायला लागलेत. "दोन फेजवर ओढली," असं एक जण परवा आल्या आल्याच म्हणाला. मी त्याला चहा पाजला. हे लिहायला घेण्याआधी मी तात्यांनाही विचारलं, तुमची गोष्ट लिहू का? ते म्हणाले, "भावाला बी इचार." मी धाकट्यांनाही विचारून आलो.

मागच्या बाजाराला तात्या दुकानात आले. हातात मोटर नव्हती, कोथिंबिरीची जुडी होती. ती त्यांनी मागं बायकोला दिली. दुकानात मी त्यांच्यासाठी खुर्ची घेतलीय, तिच्यावर बसले. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत पावसापाण्याचं बोलत राहिले. मग खुर्ची माझ्याजवळ ओढली, आवाज खाली आणला आणि त्यांच्या मनात बरेच दिवस असलेली एक गोष्ट मला सांगितली. सांगून झाल्यावर डोळे पुसले आणि चहा मागितला. ती गोष्ट काय होती, ते मी इथं लिहिणार नाही. बायकोलाही सांगितलेलं नाही.